ओल्या लाकडाचे दिवस : बहिरमचा पायथा ते चिखलदरा

शुक्रवार : अमरावती, परतवाडा, बहिरमच्या अलीकडे

सोयाबीन कापून शेतात पडलं की परतीचा पाऊस ते गाठतोच. अमरावतीहून निघालो तेव्हा वलगावपर्यंत लख्ख ऊन होतं, आसेगाव ओलांडलं आणि सातपुड्याच्या अंगाला आभाळ काळंशार दिसू लागलं. जीप मित्राची, चालवणाराही तोच. मागच्या सीटवर माझी पुतणी आणि तिच्याहून मोठी तिची सॅक.

पुतणी इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या पोरापोरींनी हिवाळ्यात कॅम्पला जायचं ठरवलंय आणि ‘आग’ हे खातं हिच्या वाट्याला आलंय. तिने व्हिडिओ पाहून सामान मागवलं : एक फेरो रॉड (खरवडला की ठिणग्या पडतात अशी धातूची कांडी), मॅग्नेशियमची वडी, यूएसबीवर चार्ज होणारा आर्क लाइटर, एटीएम कार्डाएवढं सपाट भिंग आणि ‘वॉटरप्रूफ’ काड्यांची एक बाटली. मी म्हटलं, बाई, डिसेंबरच्या कोरड्या हवेत कुणाचंही काहीही पेटतं. पारख करायची तर आत्ता चल, लाकूड-गवत-हवा सगळं ओलं असताना. मित्राच्या ओळखीतल्या एका मामांचं शेत बहिरमच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. जंगलाच्या हद्दीबाहेर. ही हद्दीची गोष्ट महत्त्वाची आहे, ती पुढे रविवारी येईलच.

परतवाड्यात बाजार केला. किराणा दुकानात आगपेट्या, कापराची डबी, दोन मेणबत्त्या. आगपेटी आता २ रुपयांना. कितीतरी वर्षं रुपयाला मिळायची ती डिसेंबर २०२१ पासून दुप्पट झाली, तरी अख्ख्या बाजारात याहून स्वस्त आग कुठे मिळत नाही. लाइटर घेताना पुतणी खटका दाबायचा, छानसा पारदर्शक लाइटर उचलत होती. मी चाक फिरवायचा साधा घ्यायला लावला. कारण सरळ आहे. खटक्याच्या लाइटरमधला गॅस संपला की उरतो नुसता टकटक आवाज. चाकाच्या लाइटरमधला गॅस संपला तरी ठिणगी पडत राहते, आणि ठिणगीवर पेटणारं काही जवळ असेल तर तो लाइटर मेल्यानंतरही कामाचा असतो. सरकारने २०२३ मध्ये २० रुपयांखालच्या लाइटरची आयात बंद केल्यापासून दुकानदार भावावरून कुरकुरतात, पण तरी चांगल्या चहा-नाश्त्यापेक्षा कमीत दोन लाइटर येतात. दोनच घ्यावेत. एक खिशात, एक सामानात.

मेडिकलमधून कापसाचा रोल आणि पेट्रोलियम जेलीची लहान डबी. हार्डवेअरमधून लोखंड कापायच्या करवतीचं पातं, म्हणजे हॅक्सॉ ब्लेड. दुकानदाराने विचारलं, फ्रेम नको? म्हटलं, नको, ब्लेडच. त्याला वाटलं असेल की हे लोक तुरुंग फोडायला निघालेत.

आणि शेवटी आरा मशीन. परतवाडा म्हणजे सागवानाची मोठी पेठ, लाकडाचा वास गावात शिरतानाच येतो. शेजारच्या सुताराने रंधा मारून पाडलेले सागाचे छिलपे पोत्याच्या तळाशी कोरडे ठणठणीत होते. पिशवीभर दिले, पैसे घेतले नाहीत. सागाच्या लाकडात मुळातच तेल असतं. पातळ छिलपा काडीलाच काय, नुसत्या गरम वाऱ्यालाही पेटेल असं वाटतं. बाहेरदेशीचे व्हिडिओवाले बर्च झाडाची साल आणि चीडाच्या राळेचं लाकूड सांगतात. ते सांगतात ते खरंच आहे, पण बर्च काही अचलपूर तालुक्यात उगवत नाही. आपल्याकडे साग आहे, सालई आहे, कापूस आहे. विदर्भात आगीसाठी भुरभुरीत काही मिळालं नाही असं म्हणणाऱ्याने आधी घराबाहेर पाहावं.

शेतावर पोचेतो झिमझिम सुरू झाली होती. मामा खोपडीच्या दारात उभे. आम्ही तंबूचे खुंटे ठोकतोय तोवर त्यांनी खोपडीच्या आतून मूठभर तुराट्या काढल्या, खिशातून सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा, त्याला काडी लावली, आणि दोन मिनिटांत चहाचं आधण ठेवलं. रबराचा काळा धूर जरा नाकात गेला इतकंच. पुतणी हातात रॉड धरून बघतच राहिली.

“थे काय हाय पोरी, खिया हाय का?”

“फेरो रॉड आहे मामा. चकमक. यातून ठिणगी पडते.”

“ठिनगीनं काय होते? ठिनगी तं वेल्डिंगवाल्याच्या दुकानात बी पडते.”

मामा चहा गाळायला वळले. आम्हाला पुढचे दिवस जे करायचं होतं त्याचा मुद्दा त्यांनी पहिल्या चहालाच सांगून टाकला होता.

शनिवार : शेतातच

रात्रभर पाऊस. सकाळी उघडीप, पण हवा इतकी दमट की टॉवेल वाळत घालावा तर तो आणखी ओला होईल. आम्हाला हवं होतं तसंच.

आधी काड्या. किराणातल्या दोन पेट्यांपैकी एक मुद्दाम रात्रभर तंबूबाहेरच्या फळीवर, छपराखाली पण उघडी ठेवली होती. पावसाचा थेंब तिच्यावर पडला नव्हता. तरी काडी ओढली की टोकावरच्या गुलाची माती व्हायची, आणि पेटीच्या बाजूची तपकिरी पट्टी नखाने सोलून निघत होती. पुष्कळांना वाटतं काडी ओली झाली म्हणून पेटत नाही. अर्धा दोष त्या पट्टीचा असतो. सेफ्टी काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं, लाल फॉस्फरस मात्र पट्टीत असतो. दोघांची गाठ पडल्याशिवाय आग नाही. म्हणजे काड्या मेणात बुडवून कितीही जपल्या आणि पट्टी भिजली, तर हातात नुसत्या टोकं रंगवलेल्या काटक्या राहतात. पुतणीच्या ‘वॉटरप्रूफ’ काड्या एकदा पेटल्यावर वाऱ्यात खरंच विझल्या नाहीत, फुरफुर करत बराच वेळ जळल्या. पण त्यांची घासपट्टी बाटलीच्या झाकणाला बाहेरून चिकटवलेली! बनवणाऱ्याने हा विचार केलाच नसावा.

मामांची पद्धत बघा. दुसरी पेटी त्यांनी मागून घेतली, एका बाजूची पट्टी कापून काढली, पट्टी आणि वीसेक काड्या दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात घट्ट गुंडाळल्या, वरून रबर, आणि सगळं तंबाखूच्या रिकाम्या डबीत. “जागलीला जातो नं मी. रानडुकराइले पावसापान्याचं सोयरसुतक नसते. इस्तो पायजेच रातच्याला.” ज्याला रोज रात्री मचाणावर बसून पीक राखायचं असतं त्याच्याइतकी या सामानाची परीक्षा दुसरं कोण घेणार.

मग लाइटर. बादलीत बुडवून काढला. चाक फिरवलं, अर्थातच काही नाही. पाणी झटकलं, फुंकर मारली, चाक कोरड्या पॅंटवर मांडीवरून दाबून फरफर फिरवलं, पुन्हा फुंकर. थोड्या वेळाने पिवळी ठिणगी दिसली आणि मग ज्योत. हा निकाल पाहून पुतणी जरा नाराज झाली, कारण तिच्या महागड्या सामानापैकी बहुतेकांना इतकं सोपं जमलं नाही. आर्क लाइटर वाऱ्यात चालतो खरा, पण त्याची ती जांभळी रेघ इतकी चिंचोळी की तीत उदबत्तीच्या जाडीचंच काही घालता येतं. आणि बॅटरी संपली की संपलं. भिंग तर ढगाळ आभाळाखाली कशाचं दाखवणार! आकाश उघडं असताना मजेशीर वस्तू आहे, संकटात नाही. मॅग्नेशियमची वडी खरवडली की रुपेरी भुगा पडतो आणि तो भयंकर तापून जळतोही, पण तितका भुगा जमवेपर्यंत वाऱ्याची एक झुळूक आली आणि अर्धा धुऱ्यापलीकडे गेला. व्हिडिओत वारा नसतो.

आता रॉड. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण लोक तो घेतात, बॅगेत टाकतात आणि गरज पडल्यावर पहिल्यांदा बाहेर काढतात.

फेरो रॉड म्हणजे सेरियम आणि त्याच्या जातभाई धातूंमध्ये लोखंड मिसळून केलेली कांडी. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १९०३ मध्ये या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. लाइटरमधला इवलासा दगडही हाच. खरवडलं की निघणारा कण हवेतच पेट घेतो आणि ३००० अंशांच्या घरात तापतो. पाण्यात बुडवला, पुसला, की लगेच ठिणग्या. गॅस नाही, बॅटरी नाही, संपायला वर्षं लागतात. इतके गुण असूनही पुतणीच्या हातून सुरुवातीला काही होईना. एक म्हणजे नव्या रॉडवर काळा लेप असतो, तो आधी खरवडून काढल्याशिवाय नीट ठिणगी पडत नाही. दुसरं, सोबत आलेली पट्टी पत्र्यातून ठोकून काढलेली, तिच्या कडा गोलसर. मामांचा विळा घेतला, त्याचीही पाठ गोल. हॅक्सॉ ब्लेड कामी आलं ते इथे : दाताच्या उलट्या बाजूची कड मामांनी दगडावर घासून काटकोनात आणली, रंग उडवला, आणि पहिल्याच ओढीत पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा झोत पडला. फुटलेल्या काचेची कडही चालते, पण हात कापतो. तिसरं, पट्टी पुढे ढकलली की हात जाऊन कापसावर आदळतो आणि रचलेलं सगळं उधळतं. पट्टी कापसाच्या जवळ स्थिर धरायची आणि रॉड मागे ओढायचा. जाडी ८ मिलिमीटरपेक्षा कमी नको, बारका रॉड जोरात मोडतो.

ठिणगी मिळाली. पण मामा म्हणाले तसं, ठिणगीनं काय होते?

बांधावरचं गवत : नाही. शेतातल्या पहिल्या फुटलेल्या बोंडातला कापूस : ओला, नाही. तोच कापूस सरकी काढून, बनियनच्या आत पोटाशी तासभर ठेवून, मग बोटांनी पिंजून धुरासारखा विरळ केला : भक्कन पेटला आणि डोळ्याचं पातं लवेतो संपला. मेडिकलचा कापूस जेली चोळून : हा खरा गडी. मात्र सगळा कापूस जेलीत माखला तर ठिणगी धरत नाही; वरचे थोडे तंतू कोरडे, मोकळे सोडावे लागतात. तसा एक बोंडाएवढा गोळा पेटला की तीन-चार मिनिटं शांत ज्योत देतो, आणि तेवढ्यात छिलपे, छिलप्यांवर काटक्या, असं चढत जाता येतं. उशीतला कापूस मात्र बहुतेक वेळा कृत्रिम धाग्याचा असतो, तो वितळून टपकतो.

कापूर तर काय सांगावा. वडी नखाने कुस्करून कापसात मिसळली की रॉडच्या ठिणगीवरही धरतो. नुसत्या वडीला काडी लावली तर पाण्याच्या थाळीवर तरंगतानाही जळतो. देवघरातला आपला इतका जुना सोबती आपल्याला कॅम्पच्या यादीत दिसत नाही, कारण यादी आपण केलेली नसते. त्याचे दोनच दोष. डबीचं झाकण सैल राहिलं तर हवेत उडून जातो, आणि जळताना त्याचा धूर जेवणाला लागू द्यायचा नाही. कापूर संपून लाकूड धरलं की मगच भांडं ठेवायचं.

दुपारी पाऊस पुन्हा आला आणि आम्ही खोपडीत शिरलो. तिथे गोष्ट निघाली मामांच्या बापाच्या चकमकीची. लोखंडाचा तुकडा, गार म्हणजे गारगोटी, आणि वेळूच्या नळीत सावरीचा कापूस, बिडी पेटवायला कायम कमरेला. पुतणीला ते करून पाहायचंच होतं. गारगोटीला इथे तोटा नाही. सातपुड्याच्या काळ्या खडकाच्या पोकळीतून सुटलेल्या गारा नाल्यात पायाखाली येतात. धारदार कड निघेल अशी एक फोडली. लोखंडासाठी मामांनी मोडकी कानस दिली, कारण तिच्यासारखं कडक पोलाद घरात दुसरं नसतं. कानसीवर गार आपटली की निघते ती बारीक, नारिंगी, आळशी ठिणगी. इथे दगड जळत नाही, त्याने पोलादाचा कण तासला जातो आणि तो जळतो. रॉडच्या मानाने ही ठिणगी फार थंड, मेडिकलचा कापूसही तिला भीक घालत नाही. तिला हवं जळकं कापड. मामींनी जुन्या धोतराचा तुकडा दिला. त्याच्या चौकोनी चिंध्या एका पत्र्याच्या डबीत घातल्या, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडलं आणि डबी निखाऱ्यांत ठेवली. भोकातून पांढरा धूर येत राहिला. धूर आटला तशी डबी बाहेर काढून, पूर्ण गार होईपर्यंत न उघडता ठेवली. आतून निघालं काळंभोर, मऊ, हाताला येईल न येईल असं कापड. पुतणीने ते गारेच्या कडेवर अंगठ्याने दाबून धरलं आणि कानस मारत राहिली. एक ठिणगी त्याच्या काठावर टेकली. आधी काहीच दिसेना. मग एक लाल ठिपका, आणि तो ठिपका कापडाची वीण खात हळूहळू चहूबाजूंनी पसरू लागला. ज्योत नाही, धूरही नाही म्हणावा इतका कमी. ते छिलप्यांच्या घरट्यात ठेवून फुंकलं तेव्हा कुठे आग झाली. मामी म्हणाल्या, “इतका खटाटोप? बाप्पा! मंग बिडी काहून नाई सोडली बुढ्यानं?”

लाकूड घासून आग काढायचा विषय मी तिथेच मिटवला. कोरड्या उन्हाळ्यात, सवयीच्या हाताला ते जमतं. या हवेत तळहाताला फोड आणण्यापलीकडे काही झालं नसतं.

संध्याकाळी रोडगे. बहिरमची जत्रा भरते ती हिवाळ्यात, आणि तिथल्या हंडीच्या मटणाची नि रोडग्यांची ख्याती साऱ्या विदर्भात. पण मामी म्हणाल्या, पाहुणे आलेत तर जत्रेची वाट कशाला पाहायची. रोडगे भाजायला गोवऱ्यांचा जगरा रचला. ओल्या दिवसांत जाड लाकडाचं काय करायचं तेही इथे पाहून घेतलं : जमिनीवर पडलेलं उचलायचं नाही, झाडावरच वाळून उभी राहिलेली फांदी काढायची आणि कुऱ्हाडीने उभी चिरायची. वरची साल चिंब असली तरी आतलं काळीज कोरडं असतं. त्या आतल्या भागाचे पातळ तासे काढले की ते काटक्यांसारखे पेटतात. वाळका वेळू चिरला तर फार छान जळतो, पण न चिरता आगीत टाकला तर पेर फटाक्यासारखं फुटतं. नाल्यातले गोटेही चुलीला लावायचे नाहीत. आत मुरलेलं पाणी तापलं की दगड तडकून कपच्या उडतात. पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांची, मागच्या वर्षीची गंजी घराजवळ होती, तिच्यातून पेंढी आली. खरं तर गुलाबी बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाट्या साठवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, आणि दरवर्षी चुलीला तर त्याच लागतात.

रात्री गारठा वाढला. मित्राला वाटलं घमेल्यात निखारे भरून तंबूत नेऊन ठेवावेत. ते मात्र मी होऊ दिलं नाही. बंद जागेत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. थंडीच्या दिवसांत अशा बातम्या वाचतो आपण. ऊब बाहेर घ्यायची आणि आत पांघरुणात शिरायचं.

मामांनी झोपायला जाताना जगऱ्यातल्या दोन जळत्या गोवऱ्या एका कोपऱ्यात ओढल्या, त्यांवर बाभळीचं एक खोड आडवं ठेवलं, वरून राख लोटली आणि पत्रा झाकला. पहाटे राख बाजूला सारली तर खाली लालभडक. दोन फुंकरा, एक तुराटी, चहा. ना काडी, ना लाइटर, ना रॉड. एकदा लागलेली आग विझू न देणं हे साधनांच्या यादीत कुणी लिहीत नाही. त्या एका रात्री आमच्या सगळ्या पिशवीपेक्षा तेच जास्त भरवशाचं ठरलं.

रविवार : चिखलदरा, गाविलगड

घाट चढलो तसं धुकं दाट होत गेलं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटरवर; खाली परतवाड्यात घाम आणि वर स्वेटर. वाटेत मोथा गावात खवा घेतला.

आज आग अजिबात नाही, हे सकाळीच सांगून ठेवलं होतं. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या ९ जंगलांत मेळघाट होतं. १९२७ चा भारतीय वन कायदा राखीव जंगलात आग लावायला मनाई करतो, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्यात. आणि कायदा बाजूला ठेवा : १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडचा वणव्याचा हंगाम. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळला, तेंदूच्या नव्या पालवीसाठी रान पेटवलं, किंवा कुणी शौकिनाने चहा करून निखारे तसेच टाकले, की डोंगरच्या डोंगर काळे होतात. तेव्हा आग पेटवायची ती वहिवाटीच्या शेतात, मालकाला विचारून, आणि निघताना पाणी ओतून, राख ढवळून, वर उलटा हात ठेवून पाहायची. गरम लागली तर विझलेली नाही.

गाविलगडही व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतच. किल्ल्यावर धुक्यातून तोफा अचानक समोर येतात. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. पुतणीला सांगितलं, त्या शिपायांच्या बंदुकाही चकमकीच्याच. काल तू कानसीवर जे तासभर करत होतीस तेच बंदुकीचा घोडा एका फटक्यात करायचा, ठिणगी बंदुकीच्या दारूवर पडायची. गार पोलादावर आदळायची आणि जळायचा तो पोलादाचाच कण. पावसात दारू भिजली की बंदुकीची काठी झाली. काडी तर तेव्हा जन्मलीच नव्हती. घासून पेटणारी काडी इंग्लंडात जॉन वॉकरने विकायला आणली ती १८२७ मध्ये. तिला हे आवडलं. मला वाटतं किल्ल्यापेक्षा जास्त आवडलं.

परतताना सरीने गाठलं. मित्राने रेनकोट जीपमध्ये ठेवलेला. दरवाज्यापर्यंत येईतो तो चिंब, दात वाजतायत. गाडीत बसून त्याने सिगरेटसाठी लाइटर काढला आणि त्याला चाकच फिरवता येईना, अंगठा बधिर. हे बघून ठेवण्यासारखं होतं. लाइटर कोरडा, भरलेला, चांगला. आणि तरी निकामी, कारण बोटं निकामी. त्यात ब्यूटेन गॅस. तो शून्याच्या आसपास वायू व्हायचंच सोडतो, आणि कडक हिवाळ्यात चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी पहाटे लाइटरची ज्योत करंगळीच्या नखाएवढी होते. म्हणून लाइटर सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नाही, अंगाजवळच्या खिशात. आणि म्हणूनच रॉड हवा. त्याला मूठभर पकड असते, बोटांचं नाजूक काम लागत नाही. निदान सूत आणि दोरी गुंडाळून पकड जाड करून घ्यावी.

पण मित्रासाठी आम्ही आग केली नाही, करायचीही नव्हती. ओला शर्ट काढायला लावला, कोरडा बनियन, त्यावर माझं जॅकेट, कानाला मफलर. गावात येऊन दोन कप गोड चहा. अर्ध्या तासात माणूस पुन्हा बडबडायला लागला. संकटात सापडलं की लोकांना आधी आग सुचते. बहुतेक वेळा आधी कोरडे कपडे आणि वाऱ्याचा आडोसा लागतो. आग नंतर, आणि जिथे परवानगी आहे तिथेच. सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा कपड्यांचा जोड असेल तर तो रॉडच्या आधी मोजावा.

मुक्काम लॉजवर. खोलीत ठेवलेल्या उघड्या आगपेटीची पट्टी सकाळपर्यंत तशीच खराब झाली. धुकंही पावसाइतकंच पट्टी खातं.

सोमवार : परत

उतरताना मामांकडे तंबू घ्यायला थांबलो. चहा झाला. पुतणीने ओसरीवर सगळं सामान पसरलं आणि काय नेणार, काय घरी ठेवणार याची वाटणी केली. भिंग, मॅग्नेशियम, आर्क लाइटर बाद. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकायचा एक प्रयोग तिच्या यादीत होता, तो मी बाद केला. बॅगेत दोन बाटल्या फुटून एकमेकांना भेटल्या तर आग हवी तेव्हा नाही, नको तेव्हा लागेल.

उरलं ते एवढं : चाकाचे दोन लाइटर, दोन्हींच्या गॅसच्या पट्टीखाली रबर अडकवलेलं, म्हणजे सॅकमध्ये दाबली जाऊन गॅस गळणार नाही. मामांच्या पद्धतीने बांधलेल्या काड्या. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यासकट रॉड, गळ्यात घालायच्या दोरीला. कॅमेऱ्याच्या फिल्म रोलच्या जुन्या डबीत जेलीचे कापूसगोळे, घट्ट डबीत कापूर, झिपच्या पिशवीत छिलपे, सायकल ट्यूबचे चार तुकडे. मामींनी वर सालईच्या डिंकाची एक पुडी दिली, घरात धुपासाठी ठेवलेला. त्याला ठिणगी पुरत नाही, ज्योत लागते, पण मग पावसालाही दाद देत नाही. सगळं मिळून जेवणाच्या डब्याएवढं. रॉड सोडला तर बाकीच्या सामानाला एका पिझ्झाइतकेही पैसे लागलेले नाहीत.

रेल्वेने जाणार असाल तर गॅसच्या कॅनवाला छोटा स्टोव्ह सोबत नेता येत नाही, तो तिथे पोचून मिळतो का ते आधी पाहायचं, हेही तिला सांगितलं. आणि हा सगळा संच कॅम्पच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर एकदा पेटवून बघायचा. मेणबत्तीच्या उजेडात, डाव्या हातानेही.

मित्र म्हणाला, एक असाच डबा जीपच्या खणात कायमचा ठेवून देतो. ठेव, पण लाइटर काढून. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ अंश, मग काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या खणात किती होत असेल विचार कर. लाइटरवरच लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर ठेवू नका. जेलीचं पाणी होतं, कापूर झाकणातून निघून जातो. जीपमध्ये रॉड, ब्लेड आणि बांधलेल्या काड्या राहू देत. बाकीचा डबा मृगाच्या आधी भरायचा, आणि होळी झाली की घरात आणायचा.